शिंपल्यांवरच्या तीसेक गोगलगायी उपटून वर गवतात टाकल्या. चुकलं का?

वेलांटी
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे समुद्रातल्या जिवांची माहिती असणारे लोक आहेत म्हणून विचारते. गोष्ट छोटी आहे, पण कालपासून डोक्यातून जात नाहीये.

आम्ही स्कॉटलंडमध्ये राहतो. काल लेकीला (वय नऊ) घेऊन लार्ग्जहून बोटीने कम्ब्रे बेटावर गेले होते. पूर्ण ओहोटी होती. खडकांवर बार्नकलचा (खडकाला कायमचे चिकटून राहणारे बारीक कवचधारी जीव) पांढरा खरखरीत थर आणि दोन खडकांच्या मधल्या उतारावर मसल नावाच्या काळ्यानिळ्या शिंपल्यांची दाट गादी. त्या गादीवर आणि आजूबाजूच्या कपारींत जिकडे बघावं तिकडे जाड कवचाच्या गोगलगायी बसलेल्या. अंगठ्याच्या पेराएवढ्या. बहुतेक मळकट पांढऱ्या, दोन-चार पिवळट, काहींवर तपकिरी पट्टे.

तिथून एक वयस्कर गृहस्थ कुत्र्याला फिरवत चालले होते. ते म्हणाले, या गोगलगायी शिंपले खाऊन फस्त करतात, निव्वळ उपद्रव. लेकीला शिंपल्यांची फार दया आली. मग आम्ही दोघींनी मिळून तीसेक गोगलगायी उपटल्या, तिच्या बादलीत भरल्या आणि वर रस्त्यालगतच्या गवतात नेऊन ओतल्या. तेव्हा काहीतरी चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

मग तीन गोष्टी दिसल्या. एक रिकामा शिंपला उचलला तर त्याला भोक होतं. जाड सुईने पाडावं तसं गोल, कडा स्वच्छ, आरपार. दुसरं म्हणजे, एका आडव्या खडकाच्या खालच्या अंगाला पिवळे दाणे चिकटलेले होते, गव्हाच्या दाण्याएवढे, पण सगळे उभे, प्रत्येकाला खाली बारीक देठ. शंभर-दीडशे तरी असतील. आणि तिसरं, एक गोगलगाय चुकून दगडाखाली चिरडली आणि तिचा रस लेकीच्या पांढऱ्या बाहीला लागला. आधी पिवळट दिसत होता. परतीच्या बोटीवर पाहिलं तर हिरवट. घरी पोचेपर्यंत जांभळा! दोनदा धुतला, डाग तसाच. वास सडक्या लसणीसारखा.

रात्री झोपताना लेक म्हणाली, "आई, तिला हात नाहीत, मग तिने भोक कसं पाडलं?" मग थोडा वेळ गप्प राहून, "त्या गवतातून परत पाण्यात कशा जातील?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. दुसऱ्याचं माहीत होतं, पण तिला सांगवलं नाही. कुणी नीट सांगेल का, या कोण आहेत, ते पिवळे दाणे कसले, आणि आम्ही किती मोठी चूक केली?

---

पायवाट
रविवार, रात्री १०:१५

वेलांटी, या डॉगव्हेल्क. भोक त्यांनीच पाडलेलं आहे. दाणे म्हणजे त्यांच्या अंड्यांच्या कुप्या.

बाकीचं जाणकार सांगतीलच, पण आधी एक काम करा. त्या गवतात असतील तर जमेल तितक्या लवकर जाऊन परत खडकांवर ठेवा. कवचाच्या तोंडाला तपकिरी झाकण असतं. ते घट्ट लावून घेतलं की आतला ओलावा काही काळ टिकतो. गवत ओलं असेल आणि ऊन कडक पडलेलं नसेल तर सगळ्या गेल्या नसतील.

---

भांगउधाण
सोमवार, पहाटे ५:५०

वेलांटी ताई, तुमचा प्रश्न रात्रीच वाचला, पण घाईत लिहायचं नव्हतं. माझ्या आयुष्यातली सात वर्षं याच एका प्राण्यात गेली. त्याच पश्चिम किनाऱ्यावर, तुमच्या बेटापासून फार लांब नसलेल्या एका खडकाच्या फळीवर, मी डॉगव्हेल्कच्या कवचांवर रंगाने नंबर घालत असे आणि ओहोटी लागली की कोण कुठे सरकली ते वहीत टिपत असे. त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

शास्त्रीय नाव न्युसेला लॅपिलस. म्युरेक्स नावाच्या समुद्री गोगलगायींच्या कुळातली, पूर्णपणे मांसाहारी. उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या खडकांवर राहते. बार्नकल आणि मसल हेच तिचं मुख्य अन्न.

आता भोक. लेकीला सांगा, हात नाहीत हे खरं, पण दात आहेत. गोगलगायीच्या तोंडात एक लवचिक पट्टी असते, तिच्यावर बारीक दातांच्या ओळी. सुताराची कानस आठवा, फक्त रिबिनीसारखी वाकणारी. पण नुसत्या कानशीने शिंपल्याचं कवच भेदायला फार वेळ लागेल. खरी करामत तिच्या पायात आहे. पायाच्या तळव्यात, पुढच्या बाजूला, एक छोटा मऊ गोळा लपलेला असतो. तो ती बाहेर काढून शिंपल्याच्या एकाच जागी टेकवते. त्यातून आम्लयुक्त स्राव पाझरतो आणि तेवढ्या जागेतला चुना भुसभुशीत होतो. मग गोळा आत घेते, कानस पुढे करते, मऊ पडलेला थर थोडा वेळ खरवडते. परत गोळा. परत कानस. बहुतेक वेळ गोळ्याचाच, खरवडणं थोडंसंच. अमेरिकेत मेलबर्न कॅरिकर या शास्त्रज्ञांनी कालवं पोखरणाऱ्या एका जवळच्या जातीवर आयुष्यभर काम करून ही पद्धत बारकाईने मांडली.

एका मसलला भोक पडायला एक-दोन दिवस लागतात, गारठा असेल तर जास्त. पुढे त्या भोकातून ती सोंड आत घालते, पाचक रस सोडते, आणि शिंपल्याचं मांस आतल्या आत पातळ झालं की ओढून घेते. माझी नंबर ४१ एका मसलवर पाच दिवस बसून होती. भरती आली, गेली, वारा सुटला, पाऊस झाला, ती हलली नाही. सहाव्या दिवशी ती दोन वीत पलीकडे होती आणि शिंपला रिकामा. त्याच्या पाठीवर तेच स्वच्छ गोल भोक, बुडाशी आणि तोंडाशी जवळजवळ सारख्याच व्यासाचं. (वाळूत राहणाऱ्या चंद्राकार गोगलगायीही भोकं पाडतात, पण त्यांच्या भोकाची कड बाहेरून उतरती असते, वाटीसारखी. किनाऱ्यावर रिकामे शिंपले गोळा करताना हा फरक लेकीला शोधायला सांगा, तिला आवडेल.)

आता बाहीवरचा डाग. तो जाणार नाही. म्युरेक्सच्या कुळातल्या या गोगलगायींच्या अंगात एक ग्रंथी असते. तिचा रस आधी रंगहीन किंवा पिवळट असतो, हवा आणि ऊन लागलं की हिरवा, निळसर होत शेवटी जांभळा होतो आणि कापडात कायमचा बसतो. वास येतो तो त्यातल्या गंधकाच्या संयुगांचा. भूमध्य समुद्राकाठी टायर आणि सिडोन या शहरांत याच कुळातल्या जातींपासून राजांच्या वस्त्रांसाठीचा जांभळा रंग काढत. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने त्या रंगाची रचना शोधायची म्हणून १२,००० गोगलगायी वापरल्या. हाती आला फक्त १.४ ग्रॅम रंग. तो शर्ट टाकू नका. तुमच्या लेकीच्या बाहीवर जे घडलं तेच टायरच्या रंगाऱ्यांच्या हौदांत घडत होतं.

आणि आता ते पिवळे दाणे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

समुद्रातले बहुतेक शंख-शिंपले आपली पिल्लं पाण्यावर सोडून देतात. डोळ्यांना न दिसणारी ती पिल्लं आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात आणि कुठल्या कुठे जाऊन रुजतात. मसल असंच करतात, बार्नकलही. एखाद्या खडकावरचे सगळे मसल गेले तरी पुढच्या मोसमात दुसऱ्या किनाऱ्यावरून नवे येऊन बसू शकतात.

डॉगव्हेल्क तसं करत नाही. मादी कपारीत जागा शोधते आणि एकेक कुपी खडकाला चिकटवते. एका कुपीत कित्येक शे अंडी असतात, पण त्यातली बहुतेक कधी फळतच नाहीत. ती असतात आतल्या भावंडांचा शिधा म्हणून. साधारण पंचवीस-तीस पिल्लं ती अंडी खाऊन आतल्या आत वाढतात. चारेक महिन्यांनी कुपीच्या टोकावरचं बूच विरघळतं आणि त्यातून गोगलगायीच बाहेर येतात. पूर्ण घडलेल्या, कवचासकट, मोहरीहून लहान. तरंगणं नाही, प्रवास नाही. त्या तिथूनच सरपटायला लागतात आणि जन्मल्या त्या खडकाच्या आसपास काही मीटरांतच त्यांचं सगळं आयुष्य जातं. वयात यायला तीनेक वर्षं लागतात.

म्हणून एखाद्या कपारीतल्या डॉगव्हेल्क काढल्या तर त्या जागी समुद्र नव्या आणून टाकत नाही. शेजारच्या खडकावरच्या हळूहळू सरकत येतील तेव्हाच. मध्ये वाळूचा पट्टा असेल तर फार वर्षं लागतील.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझ्या सात वर्षांतली शेवटची दोन मी दुसऱ्या एका जागी काम केलं, एका छोट्या बंदराच्या तोंडाशी. खडक उत्तम, बार्नकल भरपूर, कपारी अगदी हव्या तशा. आणि डॉगव्हेल्क एकही नाही. ओहोटीमागून ओहोटी मी गुडघ्यांवर बसून प्रत्येक फट बॅटरीने पाहिली. त्या बंदरात पूर्वी बोटींच्या तळाला टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग असलेला रंग मारत. तळाला बार्नकल चिकटू नये म्हणून. १९७० साली इंग्लंडमधल्या प्लिमथजवळ डॉगव्हेल्कच्या माद्यांना नराचं इंद्रिय उगवलेलं असल्याची पहिली नोंद झाली. कारण काही वर्षांनी कळलं. टीबीटी. एका लिटर पाण्यात ग्रॅमचा अब्जावा भाग असला तरी परिणाम दिसायला लागतो. प्रमाण वाढलं की मादीची अंडी बाहेर पडायची वाट बुजते. कुप्या आतच अडकतात आणि ती मरते. ब्रिटनने १९८७ मध्ये २५ मीटरपेक्षा छोट्या बोटींवर तो रंग बंद केला, जगभरच्या जहाजांसाठीचा करार २००८ मध्ये लागू झाला. त्यानंतर पुष्कळ किनाऱ्यांवर डॉगव्हेल्क परतल्या. पण पाणी आधी सुधारलं आणि गोगलगायी पुष्कळ नंतर आल्या, कारण त्यांना चालत यायचं होतं.

त्या बंदरापाशी दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मला एका कपारीत सतरा पिवळ्या कुप्या दिसल्या. सतराच. मी तिथेच ओल्या खडकावर बसून रडले होते.

तुम्ही मुद्दाम काही वाईट केलेलं नाही. ज्यांनी सांगितलं त्यांचं एक वाक्य खरंच होतं, या शिंपले खातात. पण पायवाट म्हणतात तसं, शक्य असेल तर जा. ठेवताना एक करा, वाटेल त्या खडकावर नको. जिथून उचलल्या त्याच उतारावर, ओलसर कपारीत, तोंडाची बाजू खाली करून ठेवा. पाय बाहेर काढून खडक पकडायला त्यांना काही मिनिटं लागतात. तोवर लाट येणार नाही अशी वेळ धरा.

---

वेलांटी
सोमवार, रात्री ८:२०

भांगउधाण ताई, काय लिहू. ते सतरा कुप्यांचं वाचून मीही रडले. लेकीला सगळं वाचून दाखवलं. भावंडांचा शिधा हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

उद्या दुपारची सुट्टी काढली आहे. शाळा सुटली की दोघी जातोय. ओहोटी संध्याकाळी आहे.

एक मात्र विचारते, रागावू नका. या इतक्या आहेत आणि रोज खातायत, तर शिंपले संपणार नाहीत का? लेकीची काळजी शिंपल्यांसाठीही खरीच आहे.

---

खोलपाणी
सोमवार, रात्री ११:०५

मी डायव्हिंग करतो, किनाऱ्यापेक्षा खालच्या खडकांवर जास्त असतो, म्हणून दुसऱ्या टोकाची एक हकिकत सांगतो. लेकीला नक्की सांगा.

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सल्डान्हा उपसागराच्या तोंडाशी मार्कस आणि माल्गस अशी दोन बेटं आहेत. अंतर चार किलोमीटर. माल्गसभोवतीच्या खडकांवर शेवंडांची गर्दी, समुद्रशैवाल दाट आणि मांसाहारी गोगलगायी अगदी थोड्या, कारण शेवंड त्यांना खातात. मार्कसला शेवंड औषधालाही नाही. तिथे मसलच्या गाद्या आणि बर्नुपेना नावाच्या गोगलगायींचे थवे. दोन शास्त्रज्ञांनी, अमोस बारकाई आणि क्रिस्तोफर मॅक्वेड यांनी, विचार केला की शेवंड मार्कसला नेऊन सोडले तर? खायला भरपूर आहे, टिकतील. एक हजार शेवंड सोडले.

गोगलगायी चारी बाजूंनी आल्या आणि एकेका शेवंडाच्या अंगावर चढल्या. शेकड्यांनी. त्या ओझ्याखाली शेवंडाला हलता येईना आणि त्यांनी त्याला जिवंतच खाल्लं. आठवड्याभरात मार्कसला एकही शेवंड जिवंत सापडला नाही. हे १९८८ मध्ये छापून आलं.

गोगलगाय तीच, एका बेटावर ती शेवंडाचा घास आणि चार किलोमीटरवर शेवंड तिचा. कोण कोणाला खाणार हे त्या खडकावर आधी कोण किती आहे यावर ठरलं. म्हणून "ही उपद्रवी" असा शिक्का एखाद्या जिवावर मारताना मी आता फार विचार करतो.

---

भांगउधाण
मंगळवार, पहाटे ६:१०

खोलपाणी, ही हकिकत इथे आणलीत त्याबद्दल मनापासून आभार.

वेलांटी ताई, रागवायचं कशाला, अगदी योग्य प्रश्न आहे. उत्तरही सरळ आहे. शिंपले कमी होतात, कधी कधी एखाद्या जागेवरून बरेच कमी होतात. पण संपत नाहीत.

एक तर शिंपले निमूटपणे मरत नाहीत. मसल ज्या चिवट धाग्यांनी खडकाला धरून असतात तेच धागे ते डॉगव्हेल्कवरही टाकतात. एक शिंपला एक धागा चिकटवतो, शेजारचा दुसरा, आणि बघता बघता ती जागच्या जागी बांधली जाते. मी अशी एक पाहिली होती, नंबर १२. गादीच्या मधोमध उताणी, पाय वर, सात धाग्यांनी जखडलेली. धागे केसाएवढे जाड, सोनेरी-तपकिरी, प्रत्येकाच्या टोकाला छोटी चकती तिच्या कवचाला चिकटलेली. पाय बाहेर काढून ती खडक शोधत होती आणि पाय हवेतच वळवळत होता. चार दिवस मी तिला तशीच पाहिली. पाचव्या दिवशी कवच तिथेच, आत कुणी नाही. तुम्ही ज्या गादीवरून गोगलगायी उचलल्या तिच्या मधल्या भागात नीट पाहा, अशी रिकामी बांधलेली कवचं हमखास सापडतात. म्हणूनच डॉगव्हेल्क बहुधा गादीच्या कडेकडेने खातात.

शिवाय तिलाही शत्रू आहेत. खेकडे तिचं कवच फोडतात. जिथे लाटांचा मारा कमी आणि खेकडे जास्त, तिथल्या डॉगव्हेल्कचं कवच जाड, तोंड चिंचोळं, ओठाच्या आत दातांसारखे उंचवटे. जिथे लाटा आदळतात तिथे कवच पातळ आणि तोंड रुंद, कारण खडक धरायला पाय मोठा लागतो. पाण्यात नुसता खेकड्याचा वास असला तरी वाढत्या वयाच्या डॉगव्हेल्क कवच जाड करायला लागतात, हे टाक्यांमध्ये ठेवून पाहिलेलं आहे. तुम्ही "जाड कवचाच्या" असं लिहिलंत, त्यावरूनच मी ओळखलं की तुम्ही बेटाच्या आडोशाच्या बाजूला होतात.

आता खरी गंमत ऐका. तुम्ही ज्या बेटावर उभ्या होतात त्याच बेटावर हा प्रश्न एका माणसाने तुमच्याआधी विचारला होता. जोसेफ कॉनेल, अमेरिकन, १९५०च्या दशकात ग्लासगोला डॉक्टरेट करत होता. कम्ब्रेच्या खडकांवर त्याने बार्नकलचे तुकडे निवडले आणि काहींवर स्टेनलेस स्टीलच्या जाळीचे पिंजरे बसवले. पाणी आत-बाहेर जाईल, पण डॉगव्हेल्क आत शिरणार नाही असे. मग महिनोन्महिने एकेका बार्नकलचा नकाशा काढत बसला. १९६१ मध्ये हे छापून आलं आणि आजही जीवशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत ते येतंच.

त्याला काय दिसलं? बार्नकलच्या दोन जाती जागेसाठी भांडतात. मोठी जात जोमाने वाढते आणि छोटीला कडेने उचकटते, दाबते, वरून झाकून टाकते. डॉगव्हेल्क खाताना मोठ्या जातीतले मोठे बार्नकल पसंत करते. त्यामुळे ती असते तिथे मध्ये मध्ये जागा मोकळी होते, चेंगराचेंगरी कमी होते आणि भांडणाची धार बोथट होते.

चिलीमध्ये हेच मोठ्या मापात दिसलं. तिथल्या लोको नावाच्या गोगलगायीला, जी याच कुळातली पण मुठीएवढी होते, माणसांनी खाण्यासाठी खडकांवरून जवळपास संपवलं होतं. १९८२ मध्ये लास क्रूसेस इथल्या विद्यापीठाच्या केंद्राने किनाऱ्याचा एक तुकडा कुंपण घालून माणसांना बंद केला. लोको परतली आणि काही वर्षांत तिथला मसलचा काळा गालिचा विरत गेला, त्या जागी बार्नकल आणि शैवाल आले. कुंपणाबाहेर गालिचा होता तसाच. म्हणजे ते गृहस्थ म्हणाले ते पूर्ण खोटं नाही. गोगलगाय असली की शिंपल्यांची गादी आक्रसते. पण एकच जात सगळा खडक व्यापून बसली की बाकीच्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि ती जागा मोकळी करण्याचं काम या सात-आठ मिलिमीटरच्या कुप्यांमधून आलेल्या, काही मीटरांपलीकडे न जाणाऱ्या जिवाकडे आहे.

लेकीला शिंपल्यांची दया आली हे मला फार आवडलं. ती तशीच राहू द्या.

---

वेलांटी
बुधवार, रात्री ९:३०

जाऊन आलो.

गवतात शोधायला तासभर लागला. एकूण बावीस सापडल्या. आठ रिकाम्या होत्या, काहींचं कवच फुटलेलं, बहुतेक पक्ष्यांनी नेऊन फोडलं असावं. चौदा बंद होत्या. लेकीने एकेक हातात घेऊन झाकणाला हळूच बोट लावलं. झाकण आत ओढलं गेलं की "आहे" म्हणायची आणि बादलीत ठेवायची. रविवारी रात्रभर आणि सोमवारी दिवसभर पाऊस होता, त्याने वाचल्या असाव्यात.

तुम्ही सांगितलं तसं उतारावरच्या कपारीत, तोंड खाली करून ठेवल्या. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग एकीच्या कडेखालून पांढरट पाय बाहेर आला, कागदाच्या कडेएवढा पातळ, खडकावर पसरला, आणि कवच किंचित डुलून सरळ झालं. लेक श्वास रोखून बघत होती. पाणी चढायला लागेपर्यंत अकरा जणींनी खडक धरला. तिघी तशाच होत्या, त्यांना फटीत खोल सरकवून आलो.

बांधलेली कवचंही सापडली! गादीच्या मधोमध दोन. एकीला नऊ धागे, लेकीने मोजले.

चिरडली गेली तिच्यासाठी आणि त्या आठांसाठी ती वाटेत बोटीवर रडली. मी काही बोलले नाही, जवळ घेऊन बसले.

आता शेवटचा प्रश्न. त्या पिवळ्या कुप्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बघायला जायचं ठरलंय. पिल्लं निघून गेली की अजून आत आहेत, हे हात न लावता कसं ओळखायचं?

---

भांगउधाण
गुरुवार, पहाटे ५:४०

चौदा! ताई, चौदा म्हणजे पुष्कळ. माझ्या बंदराच्या खडकावर एके काळी एवढ्या असत्या तर मी पेढे वाटले असते.

कुपीचं वरचं टोक बघा. आत कुणी असेल तर टोकाला बूच असतं, गुळगुळीत आणि बंद. पिल्लं गेली की तिथे एक स्वच्छ छोटं तोंड उघडं राहतं, आणि कुपी रिकामी, कागदी, पारदर्शक दिसते. भिंग घेऊन जा. बॅटरी कडेने धरा, समोरून नको, म्हणजे आतली हालचाल सावलीसारखी दिसते. एखादी कुपी उघडी दिसली तर लगेच खालच्या बार्नकलच्या फटींत शोधा. एक-दीड मिलिमीटरची, फिकट, जवळजवळ काचेसारखी कवचं. पहिले काही महिने त्या तिथेच दडून असतात.

सप्टेंबरच्या उधाणाच्या ओहोटीला जा, पाणी सगळ्यात खाली जातं. आणि तो जांभळा डाग पडलेला शर्ट तिला घालून न्या.